कालाबारची एसेरे बी आणि कोलिनेस्टरेजचा शोध

आजच्या नायजेरियाच्या आग्नेय भागात, क्रॉस नदीच्या मुखालगत वसलेले कालाबार हे बंदर अठराव्या शतकात गुलामांच्या व्यापारासाठी आणि त्यानंतरच्या शतकात पामतेलाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होते. या बंदराच्या परिसरातील एफिक समाजात चेटूक किंवा खून यांसारख्या आरोपांचा निवाडा करण्यासाठी एका वेलीची बी खाऊ घालण्याची प्रथा होती. या बीला तेथे ‘एसेरे’ म्हणत. नदीकाठच्या झाडांवर उंच चढणारी ही शेंगवर्गीय वेल असून तिची गर्द तपकिरी, जाड कवचाची, सुमारे एक इंच लांबीची बी खाजकुइलीच्या बीशी इतकी मिळतीजुळती दिसते, की पुढे युरोपच्या बाजारात एसेरेच्या नावाखाली खाजकुइलीच्या जातीतील बियांची भेसळ होऊ लागली. आरोपीने या बिया चावून खायच्या किंवा कुटून पाण्यात कालवून प्यायच्या, आणि नंतर सर्वांसमक्ष चालत राहायचे, असा विधी असे. त्याला उलटी होऊन तो वाचला तर निर्दोष ठरे. लाळ गळू लागून, अंगाला झटके येऊन तो कोसळला तर गुन्हा शाबीत झाला असे मानले जाई.

महाराष्ट्राच्या वाचकाला हा प्रकार अगदीच अपरिचित वाटू नये. याज्ञवल्क्य स्मृतीने तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत, आणि मराठेशाहीतील वतनाच्या तंट्यांत उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा काढण्याचे ‘रवादिव्य’ करवून निवाडा दिल्याची कागदपत्रे उपलब्ध आहेत. साक्षीपुरावा अपुरा पडतो तेथे निर्णय दैवी शक्तीवर सोपवावा, हा विचार दोन्हीकडे सारखाच आहे. एसेरेचे वेगळेपण तिच्या पुढच्या इतिहासात आहे. या एका बीच्या अभ्यासातून चेतासंस्थेचे कार्य उलगडले, काचबिंदूवर आणि स्नायूंच्या एका असाध्य मानल्या गेलेल्या दुर्बलतेवर औषध मिळाले, आणि विसाव्या शतकातील कीटकनाशकांच्या एका मोठ्या कुळाचा पायाही घातला गेला.

या दिव्यातून काही माणसे खरोखर वाचत, आणि त्यामागे शरीरक्रियेचे कारण असावे असे मानले जाते. निर्दोष असल्याची ज्याला खात्री असे तो विष घटाघटा पिऊन टाकी, त्यामुळे जठराला एकदम धक्का बसून उलटी होई. ज्याच्या मनात धास्ती असे तो घोट घोट घेई, आणि विष उलटून न पडता हळूहळू रक्तात उतरे. हे स्पष्टीकरण आकर्षक असले तरी ते पुरते मानू नये, कारण बियांची संख्या, त्यांचा ताजेपणा आणि त्या तयार करणाऱ्याची मर्जी यांवरही परिणाम अवलंबून असे, आणि निरपराध माणसेही या विधीत मोठ्या प्रमाणावर मेली. ब्रिटिश लष्करी वैद्य विल्यम डॅनिएल यांनी या प्रथेचे वर्णन १८४६ मध्ये एडिंबरो येथे मांडले. त्याच वर्षी कालाबारमध्ये स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे ठाणे स्थापन झाले. मिशनऱ्यांनी या प्रथेविरुद्ध दीर्घकाळ आवाज उठवला आणि १८७८ मध्ये ब्रिटिश कॉन्सल व स्थानिक प्रमुख यांच्यात झालेल्या करारान्वये एसेरेचे दिव्य निषिद्ध ठरले. परंतु त्याच मिशनऱ्यांनी पाठवलेल्या बिया एव्हाना एडिंबरोच्या प्रयोगशाळांत पोहोचून तेथे दोन दशकांहून अधिक काळ अभ्यासल्या जात होत्या.

एडिंबरो विद्यापीठातील विषशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी १८५५ मध्ये या बीचा थोडा भाग स्वतः खाऊन पाहिला. भोवळ आणि विलक्षण अशक्तपणा जाणवू लागताच त्यांनी दाढीसाठी वापरलेले साबणाचे पाणी पिऊन उलटी केली आणि ते बचावले. नंतर त्यांनी आपल्या लक्षणांची बारकाईने नोंद प्रसिद्ध केली. तेथीलच वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन हटन बाल्फोर यांनी या वेलीला ‘फायसोस्टिग्मा व्हेनेनोसम’ हे शास्त्रीय नाव दिले. १८६२ मध्ये टॉमस फ्रेझर या तरुणाने याच बीवर लिहिलेल्या प्रबंधाला विद्यापीठाचे सुवर्णपदक मिळाले. फ्रेझर यांच्या निरीक्षणातून बीचा अर्क डोळ्याची बाहुली आकुंचित करतो हे पुढे आल्यावर नेत्रतज्ज्ञ डग्लस आर्गिल रॉबर्टसन यांनी १८६३ मध्ये तो स्वतःच्या डोळ्यात घालून तपासला. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, हे वैद्यकाच्या दृष्टीने मोलाचे होते, कारण बाहुली विस्फारण्यासाठी बेलाडोनापासून मिळणारे अॅट्रोपिन पूर्वीपासून हाताशी होते, परंतु ती लहान करणारे खात्रीचे द्रव्य नव्हते. अॅट्रोपिन हे द्रव्य धोतऱ्यातही आढळते, त्यामुळे त्याचे परिणाम आपल्याकडील वैद्यांना फार जुन्या काळापासून माहीत होते.

१८६४ मध्ये प्रागमधील क्लाइनवेख्टर यांनी अॅट्रोपिनची विषबाधा झालेल्या कैद्यांवर कालाबार बीच्या अर्काने उपचार केले, आणि एक विष दुसऱ्या विषाचा उतारा होऊ शकते हे प्रत्यक्ष दिसून आले. फ्रेझर यांनी पुढे प्राण्यांवरील शेकडो प्रयोगांतून हा परस्परविरोध काटेकोरपणे सिद्ध केला. १८६४ मध्येच योब्स्ट आणि हेसे यांनी बीतील क्रियाशील अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारा नायट्रोजनयुक्त आम्लारिधर्मी पदार्थ, वेगळा करून त्याला ‘फायसोस्टिग्मिन’ म्हटले. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये तोच पदार्थ स्फटिकरूपात मिळवला गेला आणि एफिक नावावरून तो ‘एसेरिन’ म्हणून ओळखला गेला. १८७६ मध्ये लुडविग लाक्वेर यांनी तो काचबिंदूवर वापरला. लाक्वेर स्वतः या विकाराने ग्रस्त होते.

फायसोस्टिग्मिन शरीरात नेमके काय करते, हा प्रश्न मात्र पुढील अर्धशतक अनुत्तरित राहिला, कारण त्याचे उत्तर देण्यासाठी लागणारी चेतासंस्थेची कल्पनाच तोवर तयार झाली नव्हती. एका चेतापेशीचा संदेश दुसऱ्या पेशीपर्यंत विजेच्या ठिणगीने जातो की रसायनाच्या द्वारे, यावर शास्त्रज्ञांत तीव्र मतभेद होते. लंडनमधील हेन्री डेल यांनी १९१४ मध्ये अॅसिटिलकोलिन या पदार्थाचे गुणधर्म तपासताना दोन गोष्टी नोंदवल्या. पहिली ही, की त्याचे परिणाम काही विशिष्ट चेता उत्तेजित केल्यासारखेच असतात. दुसरी ही, की तो शरीरात क्षणार्धात नाहीसा होतो, आणि यावरून त्याचे विघटन करणारे विकर, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, ऊतींमध्ये असावे असा तर्क डेल यांनी केला.

ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेता उत्तेजित करून त्याभोवतालचा द्राव दुसऱ्या हृदयावर सोडला, आणि त्या दुसऱ्या हृदयाची गतीही मंदावली. संदेश रसायनानेच जातो याचा हा निर्णायक पुरावा होता. त्या रसायनाचे स्वरूप लोवी यांनी प्रथम निश्चित सांगितले नाही, कारण ते हाती लागण्यापूर्वीच नष्ट होई. १९२६ मध्ये लोवी आणि नाव्रातिल यांनी हृदयाच्या अर्कात एसेरिन मिसळल्यावर ते रसायन टिकून राहते असे दाखवले, आणि येथे कालाबारच्या बीचा खरा उलगडा झाला: ती बी स्नायूंना किंवा ग्रंथींना थेट उत्तेजन देत नाही, तर शरीर स्वतःच सोडत असलेल्या अॅसिटिलकोलिनला नष्ट करणाऱ्या विकराला निकामी करते.

या शोधाचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत आधी विकराची माहिती आणि मग त्याचा रोध करणाऱ्या संयुगांची यादी येते. प्रत्यक्षात रोधक संयुग साठहून अधिक वर्षे हातात होते आणि त्याच्यामुळेच विकराचे अस्तित्व लक्षात आले. बर्लिनमधून हिटलरच्या राजवटीमुळे बाहेर पडावे लागलेले विल्हेल्म फेल्डबर्ग १९३३ मध्ये डेल यांच्या प्रयोगशाळेत आले, तेव्हा त्यांनी जळवेच्या स्नायूची पट्टी एसेरिनमध्ये भिजवून अॅसिटिलकोलिनचा अत्यल्प अंशही मोजण्याची पद्धत सोबत आणली. चेतापारेषण, म्हणजे एका चेतापेशीकडून पुढच्या पेशीकडे संदेश जाणे, रासायनिक असते हे या पद्धतीच्या आधारे अनेक ऊतींमध्ये सिद्ध झाले. १९३६ चे नोबेल पारितोषिक डेल आणि लोवी यांना विभागून देण्यात आले. दोन वर्षांनी ऑस्ट्रियावर नाझींचा कब्जा झाल्यावर लोवी यांना अटक झाली आणि देश सोडण्यापूर्वी त्यांना पारितोषिकाची रक्कम नाझींच्या ताब्यातील बँकेकडे वळवणे भाग पडले. दरम्यान एडिंबरोमध्ये एडगर स्टेडमन यांनी जॉर्ज बार्जर यांच्यासह १९२५ मध्ये फायसोस्टिग्मिनची रासायनिक रचना निश्चित केली होती, आणि १९३२ मध्ये स्टेडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी घोड्याच्या रक्तद्रवातून ते विकर मिळवून त्याला ‘कोलिनेस्टरेज’ हे नाव दिले.

आज या विकराविषयी जे ज्ञात आहे ते थोडक्यात असे. दोन चेतापेशींच्या किंवा चेता व स्नायू यांच्या मधल्या अतिसूक्ष्म फटीत संदेशवाहक अॅसिटिलकोलिन सोडले जाते; ते पलीकडच्या ग्राहींना भिडताच स्नायू आखडतो किंवा ग्रंथी स्रवते; आणि लगेच अॅसिटिलकोलिनेस्टरेज त्याचे कोलिन आणि अॅसिटेट असे दोन तुकडे करून संदेश संपवते. या विकराचा एक रेणू दर सेकंदाला अॅसिटिलकोलिनचे हजारो रेणू तोडतो, म्हणून ते सर्वांत जलद विकरांपैकी एक गणले जाते. १९९१ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी विद्युत मासा टॉर्पेडो याच्या विकराची त्रिमितीय रचना उलगडली, तेव्हा त्याचे क्रियास्थान एका खोल, अरुंद घळीच्या तळाशी असल्याचे आढळले. तेथील सेरिन या अमिनो आम्लावर अॅसिटिलकोलिनचा अॅसिटिल गट क्षणभर चिकटतो आणि पाण्याचा रेणू तो तत्काळ सोडवतो. फायसोस्टिग्मिन त्याच सेरिनवर कार्बामेट नावाचा गट चिकटवते, आणि हा गट सुटायला काही मिनिटांपासून काही तासांपर्यंतचा अवधी लागतो. सेंद्रिय फॉस्फरस संयुगे त्याच जागी फॉस्फेटचा गट बसवतात. तो कित्येक दिवस सुटत नाही, आणि काही काळाने त्यातील एक भाग गळून पडला की तो कधीच सुटत नाही. या अवस्थेला विषशास्त्रात विकराचे ‘वार्धक्य’ म्हणतात. या संपूर्ण कुळात कोणते संयुग औषध ठरेल आणि कोणते प्राणघातक, हे मुख्यतः रोधाच्या मुदतीवर आणि मात्रेवर ठरते. विकर अडले की अॅसिटिलकोलिन साचत जाते. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ आणि अंगाला घाम सुटतो, बाहुल्या आकुंचन पावतात, श्वासनलिका स्रावाने भरते, स्नायू फडफडून शेवटी लुळे पडतात आणि श्वास थांबून मृत्यू येतो. एफिक दिव्यातील आरोपीची जी लक्षणे डॅनिएल यांनी नोंदवली, तीच ही लक्षणे आहेत.

अल्प मुदतीच्या रोधाचा वैद्यकातील सर्वांत प्रभावी उपयोग लंडनमधील ग्रीनिच येथील सेंट अल्फेज रुग्णालयात मेरी वॉकर यांनी १९३४ मध्ये केला. मायस्थेनिया ग्रेव्हिस या विकारात रुग्णाच्या पापण्या मिटतात, गिळता-बोलता येईनासे होते आणि हातपाय वापरताच थकतात. या रुग्णांची अवस्था दक्षिण अमेरिकेतील क्युरारे या विषाने लुळ्या पडलेल्या प्राण्यासारखी दिसते आणि क्युरारेवर फायसोस्टिग्मिन हा उतारा चालतो, या दोन ज्ञात गोष्टी जोडून वॉकर यांनी ते आपल्या रुग्णाला टोचले, आणि काही मिनिटांत मिटलेली पापणी उघडली. एका साध्या नगर-रुग्णालयात काम करणाऱ्या, संशोधनासाठी कोणतेही अनुदान नसलेल्या या डॉक्टरचे हे तर्कबळ वैद्यकाच्या इतिहासात अधिक आदराने सांगितले जायला हवे. पुढच्याच वर्षी त्यांनी १९३१ मध्ये तयार झालेले निओस्टिग्मिन हे कृत्रिम कार्बामेट वापरले, जे मेंदूत शिरत नसल्याने अधिक सुरक्षित होते. शस्त्रक्रियेनंतर भुलीतील स्नायुशैथिल्य उतरवण्यासाठी ते जगभर वापरले जाते, आणि नागाचे विष चेता-स्नायू संधीतील ग्राही अडवते म्हणून भारतातील ग्रामीण रुग्णालयांत नागदंशावर प्रतिविषासोबत अॅट्रोपिन आणि निओस्टिग्मिन देण्याची पद्धत रूढ आहे. स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर विकारात वापरले जाणारे रिव्हास्टिग्मिनही रचनेने फायसोस्टिग्मिनचेच वंशज आहे.

फायसोस्टिग्मिनची प्रयोगशाळेत संपूर्ण निर्मिती १९३५ मध्ये अमेरिकेतील डीपॉ विद्यापीठात पर्सी ज्युलियन आणि योसेफ पिकल यांनी केली. ज्युलियन यांचे आजोबा अमेरिकेत गुलाम होते. ज्या किनाऱ्यावरून हजारो आफ्रिकी माणसे जहाजांत कोंबून अमेरिकेकडे नेली गेली त्याच किनाऱ्यावरील बीचे रसायन त्यांनी सिद्ध केले, तेही ऑक्सफर्डच्या रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या गटाचा मार्ग चुकीचा असल्याचे निःसंदिग्धपणे दाखवून. एवढ्या कामगिरीनंतरही वर्णभेदामुळे ज्युलियन यांना विद्यापीठात प्राध्यापकपद नाकारले गेले आणि ते उद्योगक्षेत्रात गेले.

जर्मनीत या सगळ्याशी संबंध नसलेल्या दिशेने त्याच विकराकडे नेणारी दुसरी वाट तयार होत होती. १९३२ मध्ये बर्लिन येथे विली लांगे आणि गेर्डा फॉन क्र्यूगर यांना फॉस्फरसची काही फ्लोरिनयुक्त संयुगे हाताळताना श्वास गुदमरण्याचा व दृष्टी अंधुक होण्याचा अनुभव आला. आय. जी. फार्बेन या उद्योगसमूहाच्या लेव्हरकुझेन येथील रसायनज्ञ गेरहार्ड श्रेडर हे याच वर्गातील संयुगांतून कीटकनाशक शोधत असताना २३ डिसेंबर १९३६ रोजी ‘टाबुन’ तयार झाले. काही दिवसांनी श्रेडर आणि त्यांचा सहकारी दोघांनाही त्याची बाधा झाली. लष्करी उपयोगाचे शोध सरकारला कळवण्याची तेथील सक्ती असल्याने टाबुन सैन्याकडे गेले, १९३८ मध्ये त्याहून तीव्र ‘सारिन’ सापडले, आणि ओडर नदीकाठच्या डुइहर्नफुर्ट येथे टाबुनचा गुप्त कारखाना उभा राहून युद्ध संपेपर्यंत सुमारे बारा हजार टन विष साठवले गेले. दुसऱ्या महायुद्धात ते रणांगणावर वापरले गेले नाही. मात्र १९८८ मध्ये इराकमधील हलब्जावर आणि १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत ही रसायने निरपराध नागरिकांवर सोडली गेली.

युद्धाच्या अखेरीस श्रेडर यांनीच शोधलेले पॅराथिऑन नंतर ‘फॉलिडॉल’ या नावाने भारतीय शेतीत आले, आणि महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ते नाव कीटकनाशकापेक्षा आत्महत्येच्या बातम्यांमुळे अधिक परिचित झाले. १९५८ मध्ये केरळात जहाजावरील गव्हाचे पीठ आणि साखर यांच्यात पॅराथिऑन मिसळल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती जे. सी. शाह आयोगाच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. कार्बामेट कीटकनाशकांची जन्मकथा मात्र थेट कालाबारच्या बीशी जोडलेली आहे. फायसोस्टिग्मिनच्या धर्तीवर बनवलेली औषधे विद्युत्भारित असल्याने कीटकाच्या चेतांच्या आवरणातून आत जात नसत, म्हणून भाररहित कार्बामेटांचा शोध घेण्यात आला आणि १९५० च्या दशकात ‘कार्बारिल’ बाजारात आले. भोपाळचा कारखाना हेच कार्बारिल बनवण्यासाठी होता. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री तेथून सुटलेला मिथिल आयसोसायनेट हा त्याचा कच्चा माल होता, आणि त्याची बाधा फुप्फुसे व डोळे यांना जाळणारी, या लेखातील विकररोधापेक्षा वेगळी होती.

उताऱ्याचा इतिहासही तितकाच जुना आहे. अॅट्रोपिन अॅसिटिलकोलिनचे ग्रंथी, हृदय आणि श्वासनलिका यांवरील परिणाम थोपवते, पण स्नायूंचा लुळेपणा कमी करत नाही. त्यासाठी १९५५ मध्ये न्यू यॉर्कमध्ये अर्विन विल्सन यांनी विकरावरील फॉस्फेट गट उपटून काढणारे प्रालिडॉक्सिम सुचवले, जे विकराचे वार्धक्य होण्यापूर्वी दिले तरच उपयोगी पडते. हे औषध एकरकमी टोचावे की सलग शिरेतून सोडावे, याविषयीची एक महत्त्वाची नियंत्रित चाचणी बारामतीच्या गिरिराज रुग्णालयात दोनशे रुग्णांवर झाली आणि २००६ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. सलग मोठी मात्रा दिलेल्या रुग्णांत मृत्यू कमी झाल्याचे तिच्यात आढळले. श्रीलंकेतील पुढील अभ्यासाला तसा लाभ दिसला नाही, त्यामुळे हा वाद अजून मिटलेला नाही. विषबाधा झालेला शेतमजूर तालुक्याच्या गावी नेमका कोणत्या अवस्थेत पोहोचतो, हे जवळून पाहणाऱ्या डॉक्टरांनीच हा प्रश्न जगासमोर नेला, ही गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी व मजूर विषबाधेने आजारी पडले आणि वीसहून अधिक मरण पावले. त्यानंतर राज्य सरकारने विदर्भातील काही जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली, त्यांपैकी प्रोफेनोफॉसचे मिश्रण, अॅसिफेट आणि मोनोक्रोटोफॉस ही तीन फॉस्फरसवर्गीय कोलिनेस्टरेज-रोधक होती. लाल रक्तपेशींवर हेच विकर असल्याने फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी आणि त्यादरम्यान रक्ताच्या साध्या चाचणीने त्याची पातळी मोजता येते, आणि ती घसरू लागताच त्या माणसाला पंपापासून दूर ठेवता येते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ही तपासणी नियमाने १९७४ पासून केली जाते. कपाशीच्या प्रत्येक जिल्ह्यात, जेथे हे विष विकत मिळते तेथून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ही चाचणी आणि अॅट्रोपिनचा पुरेसा साठा ठेवणे शासनाने कायद्याने बंधनकारक करावे.